ओळख पटलेला आवाज

आमच्या कामात माणूस बोलताना क्वचितच ऐकू येतो. कानात पडत राहते ती खरखर, शिट्टी, घरघर. मध्येच कुणी पत्र्यावर धान ओतल्यासारखा आवाज, मध्येच सुतारानं लांब कुठंतरी ठोकावं तशी ठकठक. आणि वरून फोनवर एकच प्रश्न येतो : हे काय आहे? त्याचं उत्तर देण्याचा मला पगार होता. पंचविशीत नोकरीला लागलो, पन्नाशी उलटल्यावर ती सोडून दिली.

खात्याचं नाव लिहीत नाही. केंद्र कुठं होतं तेही नेमकं सांगत नाही. वैनगंगा ओलांडून आरमोरीच्या आत गेलं की जंगलाच्या तोंडाशी, एवढं पुरे.

बाहेरच्यांना हे काम चमत्कारिक वाटतं, म्हणून आधी सांगतो. साध्या रेडिओवर जवळचं स्टेशन लागतं. शॉर्टवेव्हची लाट मात्र आभाळात चढते, वरच्या थराला आपटून खाली येते, पुन्हा चढते, आणि अशा उड्या मारत अर्धी पृथ्वी ओलांडते. त्यामुळे आमच्या हेडफोनमध्ये आरमोरीच्या आधी इंडोनेशिया यायचा. कुणाचं तरी रडार, कुठल्यातरी बंदराचं हवामान, कुणाची तरी प्रार्थना, सगळं एकमेकांच्या अंगावर पडलेलं. त्यातून अनोळखी तेवढं वेगळं काढायचं, ते कशाचं आणि कुठून हे ठरवायचं. आमच्या भागात या प्रश्नाला फार वजन होतं, कारण जंगलातून कुणी कुणाशी बोलतं आहे का, याची वरच्यांना कायम धास्ती.

एकदा एक बाई सापडली. सपाट आवाजात नुसते आकडे वाचायची, थांबायची, पुन्हा वाचायची. अशा बाया जगभर आहेत. त्या कुणासाठी वाचतात ते आम्हालाही कळत नाही. मी वर कळवलं. साहेबांनी विचारलं, "कुठली आहे? एटापल्लीकडची की भामरागडकडची?"

"साहेब, ती रशियनमध्ये वाचते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग, "एटापल्लीत रशियन कोण येऊन राह्यला?"

दुसऱ्यांदा दोन पुरुषांचं तावातावाचं बोलणं आलं. भाषा कळेना. वरच्यांनी ठरवून टाकलं की गोंडीच असणार. न कळणारी ती गोंडी, असा त्यांचा हिशेब. आमचा शिपाई गोंड. त्याला हेडफोन दिला. तो बराच वेळ मान डोलवत ऐकत राहिला, तेव्हा साहेबांना वाटलं आता मोठं काहीतरी हाती लागलं.

"काय म्हणतात रे?"

"मले का मालूम, साहेब. पन दोघंही एकमेकाले शिव्या देऊन राह्यले, हे पक्कं."

ते निघाले दूरच्या पूर्वेकडच्या समुद्रातले मासेमार. ओळख पटली, विषय संपला.

हे शेवटचं वाक्य आमच्या धंद्याचं खरं वाक्य आहे. कुणी शिकवत नाही, पण अंगी मुरतं. आवाज अनोळखी असेल तोवर सगळा जीव कानात येतो. कशाचा ते कळलं की बोटं आपोआप पुढं सरकतात. मग तो आवाज कितीही मोठा असो, तुम्हाला ऐकू येत नाही. गिरणीची मोटर, वेल्डिंगची चरचर, कुणाच्या घरच्या ट्यूबलाइटची घूं. नाव दिलं की सोडून दिलं. घरी बायको तेच म्हणायची, "तुमाले एकदा का कळलं की मी रागावली आहो, का मग तुमाले ऐकूच येत नाई."

जवळपासचे आवाज शोधायला मी आणि रशीदभाई जीप घेऊन निघायचो. रशीदभाई आरमोरीचे. घरात पिढीजात टिनकाम. केंद्रात ते तारा, खांब, अँटेना सगळं बघायचे आणि जीपही चालवायचे. माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला 'भाऊ' म्हणायचे. हातातला रेडिओ घेऊन जागच्या जागी गोल फिरायचं, अशी आमची रीत. एका तोंडाला आवाज मोठा होतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. मोठा आवाज बऱ्याच दिशांना सारखाच मोठा वाटतो. फिरता फिरता जिथं तो एकदम मरतो, ती दिशा खरी. तिकडं चालत जायचं.

काही वर्षांपूर्वीच्या भादव्यात वरून निकडीचा निरोप आला. लहरींच्या एका पट्ट्यावर क्षीण काहीतरी येतं आहे, माणसाच्या बोलण्यासारखं, ते जंगलातलं आहे का ते सांगा. आणि नेमकी त्याच पट्ट्यावर टिक् टिक् सुरू झाली. भिंतीवरच्या घड्याळासारखी, एकसारखी, दिवसाही आणि रात्रीही. ते क्षीण बोलणं तिच्याखाली चुरा होऊन जायचं.

रशीदभाईंनी दारातूनच ऐकलं. "ये तो झटका मशीन है, भाऊ."

झटका मशीन म्हणजे धानाला रानडुकरांपासून राखायचं यंत्र. बांधीभोवती, म्हणजे धानाच्या शेताभोवती, तार ओढायची. बॅटरीवरचं यंत्र थांबून थांबून तिच्यात एकेक ठोका सोडतं. डुकराला चटका बसतो, ते पळतं. माणसाचा हात लागला तर तोंडातून शिवी निघते, जीव जात नाही, कारण ठोका क्षणाचा असतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तार रिकामी असते. तारेला ओलं गवत टेकलं, नाहीतर खुंटीवरचा इन्सुलेटर तडकला, की तिथं ठिणगी उडते. तीच आम्हाला टिक् म्हणून ऐकू येते.

दुपारी आम्ही निघालो. आवाज मरत मरत एका गावाच्या मागं, जंगलाला लागून असलेल्या बांधीपर्यंत घेऊन गेला. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून रेडिओ घेऊन फिरत होतो, तेव्हा खालून हाक आली.

"काय झालं, बाप्पा? डबा कानाले लावून गोल गोल फिरून राह्यले. भोवळ आली काय?"

धुऱ्याच्या कडेला एक पन्नाशीची बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत सात्या. भादव्यात वारुळापाशी उगवणारी ही अळिंबी इकडं मटणासारखी मानतात. तिचं नाव सुगंधाबाई.

"आवाज शोधतोय, बाई."

"हरवला काय? आमच्या घरी एक जास्तीचा आहे, ह्या सोमाजीचा. बोलतच नाई तो. घेऊन जा तुमी."

सोमाजी तिचा धाकटा दीर. उंच, काटकुळा, खरंच न बोलणारा माणूस. बांधी त्याची. भाऊ वारल्यावर वहिनी आणि तिची मुलगी रेखा त्याच्याच घरी होत्या. त्यानं घरातून खाट आणून टाकली आणि कोऱ्या चहाचे पेले पुढं केले. सुगंधाबाईचं चालूच.

"साहेब, त्या डब्यात मेलेल्या मानसाचा आवाज येते का वो?"

"नाही येत."

"येत असता तं माह्या नवऱ्याले विचारलं असतं, चांगला इळा कुठी ठेवून गेला म्हनून. तवापासून सापडूनच नाई राह्यला."

रशीदभाई खळखळून हसले. तोवर त्यांनी तारेभोवती एक फेरी मारली होती. दोन-चार ठिकाणी गवत तारेवर झुकलं होतं, काही खुंट्यांवरचे इन्सुलेटर तडकले होते. "थोडा टाइम देता का, भाऊ? गवत छाटतो, सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून देतो. आवाज बंद होऊन जाईल, मशीन चालू राहील."

मला घाई होती. सकाळपासून वरून फोन चालू होते. एवढी लांब तार, एक जागा बांधली की दुसरीकडे ठिणगी उडेल, असं मी मनाशी म्हटलं. सोमाजीला म्हणालो, "मशीन बंद ठेवायची. सरकारी कामात अडथळा येऊन राहिला. चालू दिसली तर जप्त होईल."

जप्त करायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. तसा काही कायदा आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. तोंडातून आलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते खरं ठरलेलं मी पाहिलं.

"कवापर्यंत बंद ठेवाची?"

"मी येऊन सांगीन."

"आन् डुक्कर?"

"जागल करा."

"मी एकटा मानूस, साहेब. रोज कशी होईन जागल?"

"डुकरायलेही सांगून ठेवा, साहेब," सुगंधाबाई टोपली उचलता उचलता म्हणाली, "सरकारी काम चालू आहे, यंदा येऊ नका म्हनून."

सोमाजीनं आमच्यासमोरच यंत्राची तार काढली. हेडफोनमध्ये पट्टा स्वच्छ झाला.

ते क्षीण बोलणं लवकरच ओळखलं गेलं. दूरच्या एका मोठ्या स्टेशनची ती सावली होती, आमच्याच यंत्राच्या पोटात तयार झालेली. जंगलाशी तिचा काही संबंध नव्हता. वर कळवलं, वरचे फोन थांबले. सोमाजीला जाऊन 'आता लावा मशीन' सांगायचं होतं. केंद्रापासून त्याची बांधी सायकलनं जाण्याइतकी जवळ. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी गेलोच नाही. खरं तर विसरलो. टिकटिक ऐकू येत नव्हती, म्हणजे तो माणूसच माझ्यापुरता नव्हता.

मग एका संध्याकाळी दुसऱ्याच पट्ट्यावर नवा आवाज आला. शेतीची लाइन आली की सुरू व्हायचा. चर्रर्र, सलग, कढईत ओलं काही पडल्यासारखा. यात ठोके नव्हते, आणि मधली रिकामी जागा नव्हती. ओल्या गवतातून जिवंत करंट झिरपतो तेव्हा असा आवाज येतो. आमच्या कामातल्या कुणालाही तो लगेच कळतो.

रशीदभाई चहाचा पेला घेऊन आत आले आणि तसेच उभे राहिले.

"भाऊ, डायरेक्ट है ये."

मी अँटेना फिरवली. आवाज मेला तो सोमाजीच्या बांधीच्या दिशेला. मोटरपंपाच्या लाइनवरून त्यानं सरळ तारेत करंट सोडला होता. लोक सोडतात. मशीन बंद आणि धान निसवायच्या बेतात, डुकरं रोज येणार. दुसरं तो काय करणार होता?

"जाऊन सांगून येऊ का?" रशीदभाईंनी विचारलं.

"आपलं खातं नाही ते. वीजवाल्यांचं काम आहे."

"आदमी मरते त्यानं, भाऊ."

"उजाडायच्या आत काढत असेल तो. त्यालाही कळतं. आणि आपल्या पट्ट्यावर कुठं येतो आहे?"

रशीदभाई पेला माझ्यापुढं ठेवून गेले. ते मला न विचारता जाऊ शकले असते, असं मी पुढं स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं. पण जीपची किल्ली माझ्याकडं असायची, आणि एकट्यानं त्या गावी जाण्यात आणखी एक अडचण होती, ती पुढं सांगतो. तो आवाज त्यानंतरही बऱ्याच संध्याकाळी येत राहिला. मी त्याला नाव दिलं होतं. त्यामुळे तो मला ऐकू येणं बंद झालं.

सुगंधाबाई पहाटे सात्या आणायला गेली. तार कुठून जाते हे तिला माहीत होतं, रोज सोमाजीच तिला बजावायचा. पण आदल्या संध्याकाळी डुकरं नव्या बाजूनं शिरलेली दिसली, म्हणून त्यानं तार हलवून वारुळाच्या बाजूला नेली होती. सकाळी उठल्यावर सांगू, असं त्याला वाटलं. तो उठला तेव्हा ती घरात नव्हती.

मला हे रशीदभाईंनी सांगितलं, केंद्राच्या पायरीवर उभं राहून. सांगून झाल्यावर म्हणाले, "चलतो, साहेब." त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा 'भाऊ' म्हटलं नाही.

सोमाजीला धरून नेलं. पोलिसांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला : घरात चांगली झटका मशीन असून करंट का लावला? तो म्हणाला, मशीन बिघडली होती. मशीन जप्तीत गेली, तपासली गेली. चालू होती. त्यामुळे तो खोटारडाही ठरला. शिकारीसाठीच करंट लावला असणार, असं लिहिलं गेलं.

त्यानं माझं नाव का घेतलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. रेडिओवाला साहेब माझ्या बांधीवर आला, खाटेवर बसला, चहा पिऊन गेला, असं चारचौघांत म्हणणं त्या वेळी त्या गावात सोपं नव्हतं. जंगलवाल्यांच्या कानावर गेलं असतं की तो आमचा माणूस. खबऱ्या हा शब्द ज्याला चिकटला त्याच्या घरावर लोक संध्याकाळनंतर नजरही टाकत नसत. आमची जीप किंवा केंद्रातला माणूस एखाद्या दारात दुसऱ्यांदा दिसला तरी त्या घरावर पाळत बसायची; रशीदभाईंची मघाची अडचण हीच. सोमाजीनं तुरुंग पत्करला, कारण त्यात निदान रेखाचा जीव सुरक्षित होता. मी जाऊन जबाब दिला असता तर मला काय झालं असतं? चौकशी, बदली, फार तर कमी हुद्दा. त्याच्या भीतीच्या आडोशाला मी बसून राहिलो. लोक मला शांत स्वभावाचा म्हणत. मी गप्प होतो, एवढंच.

नोकरी सोडायला मी कानाचं कारण दिलं. डॉक्टरांनी ते मान्यही केलं.

यंदा उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो. सोमाजी बऱ्याच काळानं जामिनावर सुटला होता, खटला अजून चालूच आहे. तो अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसला होता. मला ओळखलं. उठला नाही, पण हातानं खाट दाखवली.

मी सांगायला सुरुवात केली. मशीन बंद करायला लावली, जप्तीची धमकी दिली, परत येऊन 'चालू करा' सांगितलं नाही. तो पुडे बांधत राहिला.

"ते तं मले मालूमच आहे, साहेब. तुमी मशीन बंद करा म्हनले. करंट लावा असं नाई म्हनले. लावला मीच."

"ते नाही फक्त. करंट लावला होता, ते मला कळलं होतं."

त्याचे हात थांबले. "कवा?"

"पहिल्याच संध्याकाळी. रेडिओत ऐकू येतं ते. कुठून येतं, तेही कळलं होतं."

"आन् मंग?"

"मग काही नाही."

सोमाजीनं पुड्याची दोरी पुन्हा हातात घेतली. मग खाली बघतच म्हणाला, "आतमंदी मी रोज एकच विचार करो. म्हनो, कोनालेच मालूम नोहतं. मालूम असतं तं एखाद्यानं येऊन दोन शिव्या तरी घातल्या असत्या मले. तेवढ्यानंही काढली असती मी तार." त्यानं दोरीचं टोक दातात धरून गाठ मारली. "मालूम होतं म्हना की."



त्यानं घराकडं तोंड करून हाक मारली. "रेखा, इकडं ये. साहेबाले तुले काही सांगाचं आहे."

रेखा ओले हात लुगड्याला पुसत आली. आईसारखीच ठेंगणी, पण चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही. मी पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. सोमाजीपुढं सांगताना जे वाक्य मी गिळलं होतं, तेही या वेळी सांगितलं. रशीदभाईंनी जाऊ का म्हणून विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं.

 संपल्यावर रेखा म्हणाली, "हे कोर्टात सांगान का?"

"सांगीन."

"काकाचा वकील म्हनते, चांगली मशीन असून करंट काऊन लावला, तिथंच सगळं अडून राह्यलं."

"सांगीन मी. पण गावात कुणी काही म्हटलं तर? तुमच्याकडे माझं येणं-जाणं होतं म्हणून..."

"आता तसा धाक नाई रायला," सोमाजी म्हणाला. "आन् रायला असला तरी आता काय."

रेखा माझ्याकडं रोखून बघत होती. "हाव म्हननारे गंज जन येऊन गेले इथी. तारखेले एकही दिसत नाई."

यावर मी शपथबिपथ काही घेतली नाही. माझ्या शब्दाला त्या अंगणात काय किंमत होती ते मला दिसत होतं. परत येताना बसमध्ये हा मजकूर लिहायचं ठरवलं. सोमाजी, सुगंधाबाई, रेखा, रशीदभाई ही नावं मी बदलली आहेत. वर माझं नाव छापलंय ते खरं आहे. साक्षीची तारीख दिवाळीनंतरची आहे, हा दिवाळी अंक त्याआधी बाहेर पडेल. संपादकांना सांगून पहिली प्रत मी रेखाच्या पत्त्यावर पाठवायला लावली आहे. तिला वाचता येतं. त्यानंतर मला घरी बसून राहता येणार नाही.